गाण्याचा माल आणि गाण्याचा मालक
(ऑनलाइन बाजारातील चोरट्या ध्वनिमुद्रणांविषयी एक अभ्यासलेख)



बिट्टन मार्केटच्या हाटात भाजी घेताना आपण नकळत तीन गोष्टी पाहतो. माल कसा आहे, भाव काय आहे आणि विकणारा कोण आहे. भेंडी जून निघाली तर पुढच्या खेपेला त्याच माणसाला जाऊन विचारता येते. पण हजारो गाणी भरलेला पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड ऑनलाइन मागवताना आपण पहिल्या दोनच गोष्टी पाहतो. विकणारा कोण, आणि ही गाणी विकण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, हे विचारायचे राहून जाते. आजच्या पाठात आपण याच तिसऱ्या प्रश्नाचा अभ्यास करणार आहोत. गाणे ऐकणाऱ्या प्रत्येक घराचा याच्याशी संबंध आहे. आपल्या शाळेच्या रंगमंचावर गाणाऱ्या प्रत्येकाचाही आहे, तो कसा ते शेवटी पाहू.

१. तीन शब्द समजून घेऊ

बेकायदा ध्वनिमुद्रणांना आपण सरसकट 'पायरेटेड' म्हणतो. अभ्यासासाठी त्यांचे तीन प्रकार करणे सोयीचे आहे.

(अ) चोरनक्कल: कंपनीने रीतसर प्रसिद्ध केलेल्या गाण्याची परवानगीशिवाय केलेली प्रत. गाणी भरलेले बहुतेक बेनामी पेनड्राइव्ह या प्रकारात येतात.

(आ) बनावट माल: गाणी तर नक्कल केलेली असतातच, शिवाय वेष्टन आणि कंपनीचे चिन्हही हुबेहूब उतरवलेले असते. येथे ग्राहकाचीही फसवणूक होते.

(इ) चोरटे मुद्रण: जे कधी प्रसिद्धच झाले नव्हते ते विकणे. मैफिलीत लपवून केलेले मुद्रण, रेडिओवरून उतरवून घेतलेले गायन, स्टुडिओतून बाहेर पडलेली कच्ची प्रत, हे सारे यात येते. यालाच इंग्रजीत 'बूटलेग' म्हणतात. अमेरिकेत उंच बुटाच्या नळीत दारूची बाटली लपवून नेत, त्यावरून हा शब्द आला. १९६९ साली बॉब डिलन यांच्या अप्रसिद्ध गाण्यांची 'ग्रेट व्हाइट वंडर' नावाची तबकडी त्यांच्या परवानगीशिवाय विकली गेली आणि हा शब्द संगीताच्या बाजारात रूढ झाला. पुढे १९९१ पासून डिलन यांच्या कंपनीने तशाच जुन्या मुद्रणांची 'बूटलेग सीरिज' अधिकृतपणे काढली. आवाज त्याच माणसाचा होता. पहिल्या वेळी संमती नव्हती, दुसऱ्या वेळी होती, एवढाच फरक.

२. एका गाण्याचे मालक किती?

समजायला सोपे उदाहरण 'गीतरामायणा'चे आहे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून त्याचे प्रसारण सुरू झाले आणि ५६ गीते वर्षभर क्रमाने ऐकवली गेली. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या आणि गाणारे कलावंत अनेक. म्हणजे एकेका गीतात कितीजणांचे काम आहे ते पाहा.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गीताचे शब्द, गीताची चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे आहेत. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा हक्क चौथा. त्यांची मुदतही वेगवेगळी आहे.

• शब्द आणि चाल: रचनाकाराच्या हयातीत, आणि निधनानंतरचे वर्ष सुरू झाल्यापासून ६० वर्षे. माडगूळकरांचे निधन १९७७ साली झाले, म्हणून त्यांच्या शब्दांवरील हक्क २०३७ अखेरपर्यंत. फडके २००२ साली गेले, म्हणून त्यांच्या चालींवरील हक्क २०६२ अखेरपर्यंत.

• ध्वनिमुद्रण: प्रथम प्रसिद्ध झाले त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे. १९६० साली निघालेल्या तबकडीवरचा हा हक्क २०२० अखेर संपला.

• कलावंताचे सादरीकरण: पुढच्या वर्षापासून ५० वर्षे.

यावरून एक गैरसमज दूर होतो. 'रेकॉर्ड जुनी आहे, आता ती सर्वांची झाली' असे पुष्कळदा म्हटले जाते. मुद्रणाची मुदत संपलेली असली तरी त्यातल्या शब्दांची आणि चालीची चालू असू शकते. हे हक्क आज नेमके कोणाकडे आहेत हे करारांवर अवलंबून असते, पण ते कोणाचेच नाहीत असे मात्र नसते. २०१२ च्या दुरुस्तीने तर गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतील वाटा कराराने काढून घेता येणार नाही, अशी तरतूद केली. बेनामी पेनड्राइव्ह विकला जातो तेव्हा नेमका हाच वाटा बुडतो.

३. तबकडीपासून पेनड्राइव्हपर्यंत

नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात गौहरजान यांचे गाणे तबकडीसाठी मुद्रित झाले. गाणे संपताच त्या स्वतःचे नाव मोठ्याने सांगत. तबकड्या परदेशात तयार होत, तेथील कारागिरांना हा आवाज कोणाचा हे कळावे, हा त्यामागचा हेतू. आवाजाबरोबर नाव पाठवण्याची ही सर्वांत साधी रीत म्हणता येईल.

तबकडीची नक्कल करायला कारखाना लागत असे, त्यामुळे चोरनक्कल सोपी नव्हती. फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट आणली आणि हे चित्र बदलले. १९८० च्या दशकात भारतभर कॅसेटचा सुळसुळाट झाला. दुकानात कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दिली की संध्याकाळपर्यंत ती भरून मिळे, हे आज चाळिशी ओलांडलेल्या पालकांना आठवत असेल. त्यानंतर सीडी आली, मग एमपी३ आणि आता पेनड्राइव्ह.

येथे थोडे गणित करू. सीडीवर आवाजाचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात. प्रत्येक नमुना १६ बिटचा आणि डावी-उजवी अशा दोन वाहिन्या.

४४,१०० × १६ × २ = १४,११,२०० बिट प्रति सेकंद.

म्हणजे ४ मिनिटांच्या गाण्याला सुमारे ४२ एमबी जागा लागते. तेच गाणे १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये सुमारे ३.८ एमबीत मावते. जागा अकरापट कमी लागते, कारण कानाला सहसा जाणवणार नाही असा ध्वनीचा भाग गाळलेला असतो. या हिशोबाने ३२ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये ८,००० हून अधिक गाणी बसतील. फाइल जशीच्या तशी उतरवली तर काही गळत नाही, पण आधीच गाळलेल्या गाण्याचे पुन्हा एमपी३ मध्ये रूपांतर, त्याचे आणखी एक, असे झाले की प्रत्येक वेळी आणखी काही गळते. स्वस्तातल्या पेनड्राइव्हमध्ये तानपुरा घोगरा आणि झांज फाटलेली ऐकू येते, त्याचे हे एक कारण आहे.

नाव गळते ते वेगळेच. फाइलवर 'ट्रॅक १७' किंवा 'ओल्ड मराठी हिट्स' एवढेच लिहिलेले असते. गायकाचा पत्ता नसतो, गीतकार-संगीतकारांचा तर नसतोच.

गाणी भरून विकलेली प्रत्येक वस्तू बेकायदा असते, असे मात्र समजू नये. सारेगामा कंपनीने २०१७ साली आणलेल्या 'कारवां'मध्ये ५,००० गाणी भरलेली होती आणि ती तिच्याच संग्रहातली होती. फ्लिपकार्टनेही फेब्रुवारी २०१२ मध्ये 'फ्लाइट' नावाचे एमपी३ गाण्यांचे रीतसर दुकान उघडले होते. ते जून २०१३ मध्ये बंद झाले. सांगायचे एवढेच की ऑनलाइन बाजार हा दोष नव्हे. त्यात कोण काय घेऊन बसला आहे, हे पाहावे लागते.

४. केसरबाईंचा नकार

आता चोरट्या मुद्रणाकडे वळू. हा या विषयातला सर्वांत अवघड भाग आहे.

गोव्याच्या केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या केसरबाई केरकर या जयपूर-अत्रौली घराण्याच्या थोर गायिका. मैफिलीचे मुद्रण करण्यास त्यांचा सक्त विरोध असे. कष्टाने मिळवलेली विद्या कोणीही फितीवरून उचलावी, हे त्यांना मान्य नव्हते. त्यांच्या मोजक्याच तबकड्या निघाल्या. त्यांतली भैरवी १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांबरोबर अवकाशात गेली, आणि त्याच वर्षी १६ सप्टेंबरला बाईंचे निधन झाले. आज आपल्याला वाटते, त्यांच्या रात्र-रात्रभराच्या मैफिली कोणीतरी टिपायला हव्या होत्या. तसे वाटणे स्वाभाविक आहे. पण गाणे त्यांचे होते, आणि नाही म्हणण्याचा अधिकारही त्यांचाच होता.

त्या काळी आपल्या कायद्यात या अधिकाराला आधार नव्हता. १९५७ च्या कायद्यात रचनाकाराला आणि मुद्रण करणाऱ्याला हक्क होता, गाणाऱ्याला स्वतंत्र हक्क नव्हता. तो १९९४ च्या दुरुस्तीने मिळाला आणि १० मे १९९५ पासून लागू झाला. सुरुवातीला त्याची मुदत २५ वर्षे होती, १९९९ मध्ये ती ५० वर्षे झाली. २०१२ च्या दुरुस्तीने कलावंताला आणखी दोन गोष्टी दिल्या. सादरीकरण आपले आहे अशी ओळख मागण्याचा हक्क, आणि आपली प्रतिष्ठा डागाळेल अशी मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा हक्क. गौहरजान आपले नाव स्वतः उच्चारत. त्यानंतर ११० वर्षांनी कलावंताच्या नावाला कायद्याने जागा दिली.

५. रसिकांनी जपलेला ठेवा

मग मैफिली टिपून ठेवणारे सगळेच चोर का? तसे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल.

कुमार गंधर्व १९४८ साली आपल्याच माळव्यात, देवासला, येऊन राहिले. त्यांच्या आणि त्यांच्या पिढीतल्या कितीतरी गायकांच्या घरगुती बैठकी रसिकांनी स्पूल टेपवर आणि कॅसेटवर जपल्या. त्यांतले पुष्कळ गाणे कोणत्याही कंपनीच्या तबकडीत नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात ग्रंथपाल लायनेल मेपलसन यांनी १९०१ ते १९०३ या काळात मेणाच्या नळकांड्यांवर गायन टिपले. आज तो अमोल ऐतिहासिक ठेवा मानला जातो. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'नेही जुन्या तबकड्यांची माहिती जमवून ती जपण्याचे मोठे काम केले.

जपणे आणि विकणे यांत रेघ कोठे ओढायची? आपला कायदा ती बरीच स्पष्टपणे ओढतो. स्वतःच्या खासगी वापरासाठी, किंवा केवळ प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेले मुद्रण कलावंताच्या हक्काचा भंग ठरत नाही. आजोबांनी मुद्रित केलेली मैफील घरी ऐकली, त्यावरून राग शिकलो, तर बिघडत नाही. तीच मैफील पेनड्राइव्हमध्ये भरून 'दुर्मिळ संग्रह' म्हणून विकायला ठेवली की रेघ ओलांडली जाते. ज्याने ऐकून जपली त्याचे प्रेम खरे असेलही. तरी विकून आलेल्या पैशात गाणाऱ्याचा आणि तबल्या-पेटीच्या साथीदारांचा वाटा कोठे आहे, हा प्रश्न उरतोच.

दुर्मिळ गाणे रीतसर लोकांपर्यंत पोहोचू शकते, याचे दाखलेही आहेत. पुण्याच्या अलुरकर म्युझिक हाऊसने उत्तमोत्तम कलावंतांच्या कॅसेटी काढून मराठी घरांत चांगले गाणे पोहोचवले. २००३ साली शुभा मुद्गल आणि अनीश प्रधान यांनी 'अंडरस्कोअर रेकॉर्ड्स' ही कंपनी सुरू केली. कलावंतांना आपले मुद्रण इंटरनेटवरून न्याय्य अटींवर विकता यावे, हा तिचा उद्देश होता. ऐकणारे तेच, इंटरनेटही तेच. फरक इतकाच की गाणाऱ्याला विचारलेले होते.

६. हाट भरवणारा आणि हाटात बसणारा

ऑनलाइन बाजारात दोन पक्ष असतात. बाजाराची जागा चालवणारी कंपनी आणि त्या जागेत माल मांडणारा विक्रेता. हाटात जागा देणारा वेगळा आणि भाजी विकणारा वेगळा, तसेच हे.

चोरटा माल विकणारा तर दोषी आहेच. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ नुसार ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये 'निट प्रो' प्रकरणात स्पष्ट केले.

जागा देणाऱ्याचे काय? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ नुसार मध्यस्थाला काही अटींवर संरक्षण आहे. टी-सीरिज आणि मायस्पेस यांच्यातील खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने डिसेंबर २०१६ मध्ये म्हटले की, कोणती गाणी बेकायदा आहेत याची नेमकी माहिती मध्यस्थाला असली पाहिजे, मोघम शंका पुरेशी नाही. म्हणून तक्रार करणाऱ्याने नेमकी वस्तू आणि नेमके गाणे दाखवून दिले पाहिजे.

ग्राहकाच्या बाजूने २०२० चे ई-कॉमर्स नियम उपयोगी आहेत. विक्रेत्याचे नाव आणि पत्ता दाखवणे बाजार चालवणाऱ्या कंपनीवर बंधनकारक आहे. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. कॉपीराइट कायद्याखाली माल काढून टाकावा लागल्यावरही तो वारंवार मांडणाऱ्या विक्रेत्यांची नोंद ठेवण्यासही या नियमांत सांगितले आहे. तो नाव बदलून पुन्हा दुकान मांडतो, ही अडचण नियम करणाऱ्यांनाही ठाऊक होती असे दिसते.

७. घेण्यापूर्वी काय पाहावे?

१. मालावर आणि वेष्टनावर मुद्रण करणाऱ्याचे नाव-पत्ता, हक्कधारकाचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष आहे का? कलम ५२अ नुसार या तिन्ही गोष्टी छापणे आवश्यक आहे.
२. एकाच पेनड्राइव्हमध्ये अनेक प्रतिस्पर्धी कंपन्यांची गाणी आहेत का? असतील तर परवान्यांविषयी अवश्य विचारावे.
३. प्रत्येक गाण्यापुढे गायक, गीतकार आणि संगीतकार यांची नावे आहेत का?
४. 'खासगी मैफील', 'अप्रकाशित', 'रेडिओवरून' असे लिहिले असल्यास कलावंताची किंवा वारसांची संमती नमूद आहे का?
५. भावाचा हिशोब करावा. समजा ६०० रुपयांत ६,००० गाणी मिळत आहेत. म्हणजे गाण्यामागे १० पैसे, आणि त्यातच पेनड्राइव्हची किंमत आली. गाणाऱ्याला काय उरले?

शंका आल्यास त्या वस्तूच्या पानावरूनच तक्रार नोंदवावी. फसवणूक झाली असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

८. आपल्या शाळेपुरते

विश्वस्त मंडळ आणि पालक यांनी या भागाकडे विशेष लक्ष द्यावे, अशी विनंती आहे.

स्नेहसंमेलनात मुलांनी जुने नाट्यगीत गायले तर काय? शिक्षक-विद्यार्थ्यांनी शाळेच्या उपक्रमात केलेल्या सादरीकरणाला कायद्यात सूट आहे, मात्र प्रेक्षक शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि संस्थेशी संबंधित मंडळी एवढेच असावेत. ही सूट कार्यक्रमापुरती आहे. त्याच कार्यक्रमाचे मुद्रण करून पेनड्राइव्ह विकला, तो उत्पन्न शाळेच्या निधीसाठी असला तरी, वेगळी परवानगी लागते.

पाहुणे कलावंत येतात तेव्हा अधिक जपावे लागते. गणेशोत्सवात किंवा गुढीपाडव्याला एखाद्या गायिकेने आपल्या सभागृहात दोन तास गायन केले, पहिल्या रांगेतल्या कोणीतरी ते मोबाइलवर टिपले, ते या हातातून त्या हातात गेले आणि वर्षभराने कोणा अनोळखी विक्रेत्याच्या संग्रहात विकायला आले, असे समजा. गायिका विचारील ती आपल्याला. तिच्यासाठी सभागृह आपले होते, निमंत्रणही आपले होते. यासाठी कार्यक्रमापूर्वी एक साधे संमतिपत्र करावे. मुद्रण करायचे की नाही, ते कोणी करायचे, प्रत कोणाकडे राहील, इंटरनेटवर ठेवायचे का, विकायचे का, या पाच प्रश्नांची उत्तरे त्यात असावीत. साथीदारांच्याही सह्या घ्याव्यात आणि मुद्रणाची एक प्रत कलावंताला द्यावी. कलावंत 'नको' म्हणाले तर तसे सूत्रसंचालकाने सुरुवातीलाच सांगावे आणि प्रेक्षकांनी मोबाइल खिशात ठेवावेत.

ज्यांच्या घरी जुन्या स्पूल किंवा कॅसेटी आहेत त्यांनी त्या टाकून देऊ नयेत. डब्यावर गायक, साथीदार, ठिकाण आणि तारीख लिहून ठेवावी. ती नावे सांगणारी वडीलधारी मंडळी आज घरात आहेत. हे काम सुटीत नातवंडांनी आजी-आजोबांजवळ बसून केले तर फार बरे.

स्वाध्याय

१. चोरनक्कल, बनावट माल आणि चोरटे मुद्रण यांतील फरक प्रत्येकी एका उदाहरणाने सांगा.
२. एका कवीचे निधन १९९० साली झाले. त्यांच्या गीतांच्या शब्दांवरील हक्क कोणत्या वर्षाअखेर संपेल?
३. ५ मिनिटांचे गाणे १२८ केबीपीएस एमपी३ मध्ये किती एमबी जागा घेईल? (८ बिट = १ बाइट)
४. घरातील कोणतीही एक कॅसेट, सीडी किंवा तबकडी पाहून त्यावर गायक, गीतकार, संगीतकार, कंपनी आणि वर्ष यांपैकी काय छापले आहे ते वहीत लिहा.
५. केसरबाईंची मैफील कोणी लपून मुद्रित केली असती आणि ती आज तुमच्या हाती आली असती, तर तुम्ही काय केले असते? घरी चर्चा करून दहा ओळी लिहा.